पहिल्या बाकावरची माणसं

लागोपाठ तिसऱ्या रविवारी ताई उपासनेला आली नाही, आणि उपदेश करता करता पाळकसाहेबांनी एकच वाक्य दोनदा म्हटलं.

तीनशे माणसांत ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तीनशेतलं जवळजवळ कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे बघत होते त्यांच्या मुलीकडे. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला एका पायरीवर काळा सदरा घालून खळी उभी होती आणि बापाचा शब्द न् शब्द हातांनी सांगत होती. मंडळीच्या नोंदवहीत तिचं चांगलं लांबलचक नाव होतं. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी ताईनं तिच्या गालावर बोट टेकवून तिची खूण ठरवून टाकली, आणि तेव्हापासून घरादारात ती खळीच झाली.

ताई म्हणजे पाळकसाहेबांची थोरली बहीण. जन्मापासून बहिरी. या घराण्यात नावं ठेवायचा मान तिचा. पाळकसाहेबांच्या वाट्याला भुवईवरून फिरवलेलं बोट आलं होतं, कारण त्यांच्या भुवया लहानपणापासून ब्रशासारख्या. धाकटा भाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, त्याची खूण म्हणजे हवेत फिरवलेलं स्टिअरिंग. पाळकीणबाई इस्पितळाच्या औषधखिडकीवर बसायच्या. त्यांच्यासाठी ताई अंगठ्यानं तळहातावर गोळी चुरडल्यासारखं करायची.

वीस वर्षं डावीकडचा पहिला बाक ताईचा होता. तिच्यासोबत शिंपी नवरा-बायको, बेकरीतली बाई, निवृत्त पोस्टमन आणि एक वेल्डर. सहा माणसं, सहाही बहिरी. आज त्या बाकावर पाहुणे बसले होते आणि सहाच्या सहा फोन वर धरलेले होते.

हे सगळं सुरू झालं आठ महिन्यांपूर्वी. एका गीताला खळी हातांनी साथ देत होती, धाकट्यानं ते फोनवर टिपलं आणि इंटरनेटवर सोडून दिलं. दोन आठवड्यांत चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं. हात म्हणावेत की पाखरं, असं कुणीतरी खाली लिहिलं होतं. त्या चित्रणात पाळकसाहेबही होते, म्हणजे त्यांचं उजवं कोपर होतं. धाकटा तेव्हापासून त्यांना फोनवर "काय कोपरसाहेब" म्हणायचा आणि ते मोठ्यांदा हसायचे. जरा जास्तच मोठ्यांदा.

आशीर्वाद म्हणून झाला, माणसं खळीभोवती गोळा झाली. पाळकसाहेबांनी झगा काढून खुंटीला अडकवला आणि पाळकीणबाईंना म्हणाले, "ताईला बरं नसेल."

"तीन रविवार बरं नाही आणि तीन रविवार सगळ्यांचं जेवण रांधतायत," पाळकीणबाई म्हणाल्या. "असला आजार आमच्या खिडकीवर अजून कुणी सांगितलेला नाही."

*

ताईचं घर म्हणजे खाली पुस्तकं बांधायचं दुकान आणि वर दोन खोल्या. दाराचं बटण दाबलं की वर स्वयंपाकघरात लाल दिवा लागायचा. दुकानातून जाताना पाळकसाहेबांना सरसाचा तो ओळखीचा वास आला. लोखंडी दाबयंत्रात चार जाड पुस्तकं अडकवून ठेवली होती, खिळ्याला मेण लावलेल्या दोऱ्याच्या लडी लटकत होत्या. वडिलांमागं हे दुकान ताईनंच चालवलं. गावोगावची फाटकी गीतपुस्तकं तिच्याकडे यायची आणि शिवून, कणा बदलून परत जायची.

वर जेवण वाढून तयार होतं. या घरातला जेवणाचा नियम बाहेरच्यांना विचित्र वाटायचा. तोंडात घास असताना बोललेलं चालायचं. हातात चमचा असला की गप्प बसावं लागायचं. त्यामुळे कुणाला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की तो आधी चमचा खाली ठेवायचा, आणि बाकीच्यांना कळायचं की आता काहीतरी येतंय.

धाकट्यानं पहिल्या घासालाच चमचा ठेवला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"पुढच्या रविवारी चॅनेलवाले येणार आहेत," तो म्हणाला. "पूर्ण उपासना थेट दाखवणार. दादाचा उपदेश, खळीचे हात. आणि दादा, शुभवर्तमानातला उतारा मी त्यांना कळवूनही टाकलाय. प्रभू त्या बहिऱ्या माणसाला बरं करतो, तो. आता यापेक्षा चपखल काय असणार?"

"मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं," पाळकसाहेब म्हणाले. पण चपखल होता खरा.

"आणि त्यांना ताई पाहिजे. पहिल्या बाकावर, मधोमध. उपदेश संपला की खळी खाली उतरून तिला हाताला धरून वर नेणार. जिच्यामुळे हे हात बोलायला शिकले ती ही आत्या, असं. दोन मिनिटांचं काम." मग तो ताईकडे वळला आणि त्याच्या परीनं सांगू लागला. धाकट्याला सगळ्या मिळून चाळीसेक खुणा यायच्या आणि उरलेली सगळी वाक्यं तो स्टिअरिंग फिरवून पूर्ण करायचा. ताई त्याच्याकडे मायेनं बघत राहिली. शेवटी तो वैतागून म्हणाला, "खळे, तूच सांग गं बाई."

खळी सांगू लागली. उठून उभी राहिली, केस मागे सारले आणि चांगल्या ऐसपैस खुणा करत तिनं चॅनेल, रविवार, पहिला बाक सगळं मांडलं. बघत राहावं असं दिसत होतं ते. ताई बघत होती. मग तिनं चमचा ठेवला.

"हे तू मला सांगतेयस," ताईच्या हातांनी विचारलं, "की मला दाखवतेयस?"

खळीचे हात थांबले.

"म्हणजे?"

"बस खाली. मान वर करून दुखते माझी." ताई थांबली, बेताबेतानं पुढे बोलली. "मला ताप नाही, काही नाही. आम्ही सहाजण रविवारी शिंप्याच्या दुकानात जमतो. कापड बेतायच्या टेबलावर शास्त्र उघडतो आणि आळीपाळीनं सांगतो. पोस्टमन फार फाटे फोडतो, पण समजतं."

पाळकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी ताटाकडे पाहिलं.

"समजतं म्हणजे?" खळीचा आवाज आणि हात दोन्ही एकदम चढले. "माझं समजत नाही तुला?"

"नाही," ताई म्हणाली.

ती खूण इतकी लहान असते, दोन बोटं आणि अंगठा मिटायचा एवढंच. पण खोलीत कुणी काही पाडल्यासारखं सगळे दचकले.

"तीन-चार महिने झाले," ताई सांगत होती. "मी भुवईच्या, तुझ्या बापाच्या, ओठांवरून उपदेश वाचते आणि याच्या मिशा वाढल्या की तोही अर्धाच कळतो. 'कृपा' आपण कशी करतो? इथे, छातीपाशी. लहान पोराच्या डोक्यावर हात ठेवावा तशी. तू पडदे उघडल्यासारखी करतेस. पहिल्यांदा मला वाटलं खिडकी उघडायला सांगतेयस. वेल्डर उठलाही होता."

धाकट्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दडवलं.

"आत्या, खूण तीच आहे," खळी कळवळून म्हणाली. "फक्त मोठी केलीय. मागच्यांना दिसायला हवी ना."

"मागे कोण आहे?" ताईनं विचारलं. "मागच्यांना ऐकू येतं."

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली, ती फक्त ताईला त्रास न देता गेली.

ताईनं दोन खुणा केल्या, एकीमागून एक. पाळकसाहेबांना त्या लहानपणापासून पाठ होत्या. लक्ष देणं आणि लक्ष वेधणं. हात तोच, बोटं तीच, फक्त एकीत हात आपल्याकडून समोरच्याकडे जातो आणि दुसरीत समोरच्याकडून आपल्याकडे येतो. "पूर्वी तू हे करायचीस," ताई म्हणाली, "आता हे करतेस. मी रागावलेली नाही. मला फक्त तुझी आठवण येते."

खळी टेबलावर डोकं टेकवून रडू लागली. मग एकदम डोकं वर करून बापाकडे वळली.

"बाबा, मी चार वर्षांची असल्यापासून दुभाषी आहे. बँकेत, दवाखान्यात, आत्याच्या दुकानात. दुभाषी म्हणजे काच. काचेकडे कुणी बघत नाही, काचेतून बघतात. चष्म्याच्या दुकानातही मी दिवसभर तेच करते, दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून काचा बदलते. आणि या आठ महिन्यांत लोक पहिल्यांदा माझ्याकडे बघायला लागले. मला आवडलं ते. खूप आवडलं. पाप आहे का ते? पाळक म्हणून सांगा, बाप म्हणून नको."

पाळकसाहेबांनी चमचा ठेवला. तीस वर्षं ते या विषयावर बोलत आले होते. गुप्तपणे दान करावं, दार लावून प्रार्थना करावी, माणसांनी पाहावं म्हणून काही करू नये. वर्षातून एकदा तरी हा उपदेश व्हायचाच, आणि पूर्वी देवळात एकतीस माणसं असायची, त्यांच्यासमोर तो करणं फार सोपं होतं.

"पाळक म्हणून मी काय सांगू?" ते शेवटी म्हणाले. "मी गेले आठ महिने तुझा हेवा करतोय."

"बाबा!"

"खरंच. मी तुझ्या हातांना शोभतील अशी वाक्यं लिहितो हल्ली. आखूड आखूड. आणि मी..." ते अडखळले. "चित्रणात यावं म्हणून मी दोन पावलं डावीकडे सरकलो होतो. एकदा."

"तीनदा," पाळकीणबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात तर माइक सोडून सरकलात. मागच्या रांगेला काही ऐकूच आलं नाही."

"तुला माहीत होतं?"

"अहो, सत्तावीस वर्षं बघतेय मी तुम्हाला. एवढं एक तरी माणूस होतं ना त्या देवळात तुमच्याकडे बघणारं."

खळी रडता रडता हसली. ताईला नीट दिसलं नव्हतं, म्हणून पाळकीणबाईंनी सगळं पुन्हा हातांनी सांगितलं, दोन पावलं सरकण्याच्या नकलेसकट. ताई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

हसला नाही तो धाकटा. त्यानं कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "पण ते पत्र विसरलात का सगळे? एकतीस माणसांसाठी पाळक ठेवता येत नाही, देऊळ बंद करून मोठ्या मंडळीत सामील व्हा, असं वरून पत्र आलं होतं. दादा, तू ते पत्र बायबलमध्ये दडवून ठेवलं होतंस. मी पाहिलंय. आता तीनशे येतात म्हणून ते गप्प आहेत. येणारे सगळे काय तमाशा बघायलाच येतात? ती चहाच्या गाडीवाली बाई व्हिडिओ बघून आली आणि आता बुधवारच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर असते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाडीत बसून ब्रेक दाबत आलोय. एकदा गाडी चालतेय तर चालू द्या ना!"

"भाऊजींचं तेवढं खरं आहे," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, कारण फोनवाल्या गर्दीच्या नावानं गेला आठवडाभर त्यांनीच डोकं पिकवलं होतं. "ती बाई खरंच येते. नवरा गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हती म्हणे. मला ते नाकारता येत नाही. ताईंना मिरवणुकीसारखं वर नेणं मात्र मला पटत नाही."

"मिरवणूक कसली, वहिनी? आपलीच माणसं! दोन मिनिटं!"

ताई दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. मग तिनं टेबलावर तळवा आपटला. या घरात तो घंटेसारखा होता, भांडी थरथरली की सगळे वळायचे.

"तो उतारा," ती म्हणाली. "भुवईनं त्यावर चारदा उपदेश केलाय. चारही वेळा तो घाईघाईनं त्या माणसाला ऐकू येतं तिथपर्यंत पळाला. मी मात्र त्याच्या आधीच थांबते. लोक त्या माणसाला घेऊन येतात, तमाशा बघायला उभे राहतात. आणि प्रभू आधी काय करतो? त्याला हाताला धरून गर्दीतून एकीकडे नेतो. त्याच्याशी बोटांनी बोलतो, त्याला कळेल असं. बरं झाल्यावर म्हणतो, कुणाला सांगू नका." तिनं धाकट्याकडे पाहिलं. "कितीतरी जणांना बरं करताना गर्दी चालली त्याला. बहिऱ्याला मात्र त्यानं बाजूला नेलं. त्याला माहीत होतं, आमच्याकडे कसं बघतात ते. मी स्टेजवर जाणार नाही. मी एकदा गेले आहे."



"कधी?" धाकट्यानं विचारलं. "ताई कधी स्टेजवर गेली होती?"

"तू आईच्या कडेवर होतास," पाळकसाहेब म्हणाले. आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा त्यांना वाटला. हात मात्र आपोआप बोलत होते. ताईसमोर बसून नुसतं तोंडानं बोलायची सवयच नव्हती त्यांना. "ती नऊ वर्षांची, मी सहा. मैदानात मोठा मांडव पडला होता. लांबून एक प्रसिद्ध उपदेशक आला होता, भिंतीभिंतीवर त्याचा फोटो. आई आम्हाला घेऊन गेली. आम्हा दोघांना वर चढवलं, कारण ताई माझा हात सोडेना. पाच हजार माणसं असतील. त्यानं प्रार्थना केली, मग तो ताईच्या मागे जाऊन उभा राहिला आणि जोरात टाळी वाजवली."

"मग?" खळीनं विचारलं.

"ताई वळली."

धाकटा आ वासून बघत राहिला.

"लोक उभे राहिले. आई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी छापून आलं." पाळकसाहेबांनी ओठ चावला. सत्तावन्न वर्षं हे वाक्य त्यांनी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, बायकोपुढेही नाही. "मी तिचा हात दाबला होता. त्यानं टाळी वाजवली तेव्हा. आई खाली हात जोडून उभी होती, सगळे आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, ती वळली नाही तर आईला काय वाटेल. म्हणून दाबला. पुढची दोन वर्षं आई ताईला पाठीमागून हाका मारत होती. बहिऱ्यांच्या शाळेत तिचं नाव घालायचं ठरलं होतं, ते राहून गेलं, पोर बरी झाली म्हणून. दोन वर्षं ती नुसती घरात बसून होती. माझ्यामुळे. तेव्हापासून मला वाटत आलंय की मी पाळक झालो तो त्याची फेड म्हणून."

ताई उठली. टेबलाला वळसा घालून भावासमोर स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आणि फक्त त्याला दिसेल असं, मांडीच्या उंचीवर, तिनं हात हलवले.

"तुझा हात घामानं भिजला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला भीती वाटतेय. म्हणून मी वळून तुझ्याकडे बघितलं."

"माझ्याकडे?"

"नाहीतर कुणाकडे? मागे कुणी टाळी वाजवली हे मला कुठे माहीत? तू रडतोयस का ते बघायला वळले. त्यांनी भलतंच समजून घेतलं." तिनं त्यांच्या भुवईवरून बोट फिरवलं, ते नाव होतं आणि गोंजारणंही होतं. "सहा वर्षांचा होतास तू. मोठी माणसं पाच हजार होती तिथे, एकाच्याही लक्षात आलं नाही. ते तुझ्या अंगावर कशाला घेतोस? पण आता तू त्रेसष्टचा आहेस. पुन्हा मला वर न्यायला निघालास तर मात्र मी कान धरीन."

पाळकसाहेब रडले. पाळकीणबाईंनी त्यांच्यासमोर रुमाल सरकवला.

धाकटा खुर्ची मागे सारून उठला आणि खिडकीपाशी गेला. वळला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

"मला कुणी कधी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "या घरात मला सगळ्यात शेवटी कळतं. मी फोन करतो त्यांना."

"नको काका," खळी म्हणाली. "हात माझे मागितलेत त्यांनी. मी करते."

ती खाली दुकानात गेली. वरच्यांना तिचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा आवाज चढला, मग उतरला, मग बराच वेळ समोरचंच कुणी बोलत असावं. ती वर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. ते काही सोपं गेलं नव्हतं हे पाळकसाहेबांना दिसलं, आणि तिनं ते सोपं गेल्याचं नाटकही केलं नाही.

"म्हणाले, अशी संधी पुन्हा येत नाही," तिनं सांगितलं. "खरंही असेल." मग ती ताईसमोर बसली. "आत्या, मला परत शिकव. 'कृपा'पासून."

ताईनं तिच्यासमोर एक पेला ठेवला. "याच्या वर हात न्यायचा नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांत बघायचं. मी भुवया जवळ आणल्या की कळलं नाही असं समजायचं, आणि पुन्हा सांगायचं. रात्री घरी जाऊन आरशात बघायचं नाही."

संध्याकाळ होईपर्यंत त्या दोघी तिथंच बसल्या होत्या. खळीचे हात सारखे पेल्याच्या वर निसटत होते आणि ताई दर वेळी चमच्यानं त्यांच्यावर हलकेच टिचकी मारत होती.

*

देवळात सहाजणांनी कुठं बसायचं यावर आठवडाभर चर्चा झाली. पहिल्या बाकावर परत यायला ताई तयार नव्हती. खळी तिथं उभी राहिली की फोन वर होणारच, मग बाक पुढचा असो की मागचा. शेवटी व्यासपीठामागची पाळकांची खोली द्यायचं ठरलं. तिथे झगा बदलायचा, आणि बाकी सगळी अडगळ असायची. शनिवारी धाकटा आणि वेल्डर दिवसभर राबले, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या पेट्या बाहेर काढल्या, खिडकी धुतली. धाकट्याच्या चाळीस खुणांमध्ये त्या दिवशी सातआठ नव्या जमा झाल्या. त्यातल्या दोन चारचौघांत वापरण्यासारख्या नाहीत असं खळीनं त्याला बजावलं.

रविवारी माणसं नेहमीसारखीच आली. पायरीवर खळी दिसेना तसे फोन वर खाली होऊ लागले, कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी सरळ सांगून टाकलं. माझी मुलगी आत आहे, ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसांसोबत. दार उघडं आहे म्हणून माझा आवाज तिच्यापर्यंत जातो, तिथून पुढचं ती बघेल. तुम्हाला मी ऐकू येतोच, तेवढ्यावर भागवून घ्या.

पहिल्या गीतानंतर चाळीसेक माणसं उठून गेली. दुसऱ्यानंतर आणखी. धाकटा दाराशी उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून पाळकसाहेबांना कळत होतं की तो प्रत्येक पाठ मोजतोय. उपदेश सुरू झाला तेव्हा निम्म्याहून कमी राहिले होते. वरून पुन्हा पत्र येईल का, हा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला नाही. चहाच्या गाडीवाली बाई तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. पाळकीणबाई नेहमीच्या जागी होत्या.

उतारा त्यांनी तोच घेतला होता. फक्त या वेळी ते शेवटाकडे पळाले नाहीत. तो माणूस, त्याला आणणारी माणसं, त्यांची घाई, त्यांचं कुतूहल, सगळं सावकाश सांगितलं. वाक्यं पुन्हा लांब झाली होती आणि एकदोन जागी गुंता झाला होता. प्रभूनं त्याला हाताला धरलं, ते म्हणाले, आणि गर्दीपासून लांब घेऊन गेला. तिथं काय झालं ते गर्दीला दिसलं नाही. आपल्यालाही सगळं दिसलंच पाहिजे असं कुठं आहे?

फार गंभीरपणे त्यांनी हे म्हटलं आणि वाक्याला हवा तसा थांबा दिला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून हसू फुटलं. ऐकू येणारी माणसं हसताना स्वतःला ऐकतात आणि आवरतात. या सहाजणांना ती अडचण नव्हती. वेल्डर गडगडत होता, शिंप्याची बायको चिरकत होती, आणि सगळ्यांच्या वर ताईचं ते हसू, दार ढकलून आत आल्यासारखं. खळीही हसत होती. पोस्टमननं काहीतरी फाटा फोडला असावा, किंवा खळीनं भुवईबद्दल काही सांगितलं असावं. जेवताना कळणारच होतं.

देवळातल्या माना उघड्या दाराकडे वळल्या. आतलं काही दिसत नव्हतं. दोघातिघांनी पाळकसाहेबांकडे बघितलं, आता हे काय करतात म्हणून.

पाळकसाहेबांनी पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

"थांबूया जरा," ते म्हणाले. "त्यांचं हसून होऊ दे."